स्वभावाला औषध नसेल, खिन्नतेला आहे
(उतारवयातील मधुमेह, मनुष्याचे स्वभावविशेष आणि मनाची खिन्नता यांविषयी थोडेसे)

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. घरातील वडीलधारे गृहस्थ साठी-पासष्टी उलटल्यावर चिडखोर झाले, अबोल झाले, अर्ध्या जेवणावरून उठू लागले, गोळ्या घेण्याचा कंटाळा करू लागले, की मंडळी ही म्हण उच्चारतात आणि विषय तेथेच संपवितात. त्यांना मधुमेह असेल तर 'साखर वाढली म्हणून चिडतात' एवढी पुस्ती जोडली जाते. विषय तेथे संपवू नये, स्वभाव कोणता आणि आजार कोणता याची निवड-पाखड घरच्या माणसांनी करावी, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. मी वैद्य नव्हे. धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेलेला मनुष्य आहे. परंतु आपल्या पेठेतील समवयस्क मंडळींची स्थिती पाहून या विषयाचे जे वाचन केले आणि जाणत्या वैद्यांकडून जे समजून घेतले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्या धंद्याशी या विषयाचा संबंध

चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांची यादी आहे. तीत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे आली आहेत. नव्या धान्याचा उल्लेख वाचून आम्हा धान्याच्या व्यापाऱ्यांना मौज वाटेल. परंतु बसून राहण्याचे सुख हे कारण वाचून मात्र आपणा सर्वांनाच विचार करावा लागेल. सकाळी गादीवर बसणे आणि दिवेलागणीनंतर उठणे, हा आपल्या धंद्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे.

भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढ लोकसंख्येपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे. सर्वांत अधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के एवढे आढळले. तेथे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक माणसास हा विकार आहे. ज्या घरात मधुमेही वृद्ध नाही असे घर आपल्या समाजात आता शोधावे लागेल. म्हणून या विकाराचे शरीराइतकेच मनाशीही नाते आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मधुमेह आणि खिन्नता : दुतर्फा व्यवहार

सतराव्या शतकात टॉमस विलिस नावाचा एक विख्यात इंग्रज वैद्य होऊन गेला. मधुमेही माणसाच्या लघवीच्या गोडपणाची नोंद करणारा पाश्चात्त्य वैद्य म्हणून त्याची प्रसिद्धी आहे. दीर्घकाळच्या दुःखाने हा विकार जडतो, असे मत त्याने मांडले होते. रक्त तपासण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती. तरी मनाचा आणि साखरेचा काही संबंध आहे, हे त्याने केवळ निरीक्षणाने हेरले होते.

पुढे तीनशे वर्षांनी या मताची रीतसर तपासणी झाली. सन २००१ मध्ये ४२ निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडण्यात आला. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेही माणसांत खिन्नतेच्या विकाराची शक्यता सुमारे दुप्पट असल्याचे त्यातून दिसून आले. सन २००८ मध्ये दुसरा ताळा निघाला, तो अधिक उद्बोधक आहे. ज्याला खिन्नता आहे त्यास पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी अधिक, आणि ज्याला मधुमेह आहे त्यास पुढे खिन्नता येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी अधिक, असे त्यात आढळले. ६० टक्क्यांनी अधिक म्हणजे शंभरांपैकी साठ जणांना, असा अर्थ कोणी घेऊ नये. एरवी शंभरांत दहा जणांना झाला असता तेथे सोळा जणांना होतो, असा त्याचा अर्थ. तथापि व्यवहार दुतर्फा आहे, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

हा व्यवहार कसा चालतो? मनुष्य दीर्घकाळ चिंतेत किंवा दुःखात राहिला म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव अधिक प्रमाणात सोडतात. संकटकाळी अंगात बळ यावे म्हणून निसर्गाने केलेली ही तरतूद होय. तो स्राव रक्तातील साखर वाढवितो आणि इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. संकट दोन दिवसांचे असेल तर हरकत नाही. परंतु मनच बारा महिने संकटात असेल तर साखरही बारा महिने चढी राहते. ही झाली शरीराची बाजू. वर्तनाची बाजू तर आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. खिन्न मनुष्य सकाळचे फिरणे टाकतो, पथ्य टाकतो, गोळी घेतली काय आणि न घेतली काय असे म्हणू लागतो.

उलट दिशेने पाहावे तर मधुमेहही मनाला पोखरीत असतो. रोजची पथ्ये, बोटाला सुई टोचणे, पायांची जळजळ, डोळ्यांची काळजी, रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठल्याने मोडलेली झोप आणि औषधांचा खर्च यांचा भार मनावर पडतो. शिवाय वर्षानुवर्षे साखर चढी राहिल्यास मेंदूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही इजा पोहोचते. उतारवयात प्रथमच उद्भवणाऱ्या खिन्नतेचे ते एक कारण असावे, असे तज्ज्ञ मानतात. अशा रीतीने एक विकार दुसऱ्याला उधार देतो, दुसरा पहिल्याला व्याज चढवितो, आणि मुद्दल मात्र कधीच फिटत नाही.

स्वभावाची पाच मापे

एकाच वयाच्या, एकाच पेठेतल्या, सारखीच साखर असलेल्या दहा माणसांपैकी दोन-तीन जणच खचतात आणि बाकीचे हसतखेळत राहतात, असे का? या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग स्वभावात सापडतो.

स्वभावाचे शास्त्रीय मापन हे विसाव्या शतकातील काम. सन १९३६ मध्ये अमेरिकेतील ऑलपोर्ट व ऑडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतील फरक दाखविणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेगळे काढले. भाषेला ज्या गोष्टीची गरज भासते तिला ती शब्द देते, ही त्यामागची कल्पना. पुढील अनेक संशोधकांनी त्या शब्दांची चाळण करीत करीत अखेरीस पाच मोठी मापे निश्चित केली. त्यांची नावे आपल्या भाषेत येणेप्रमाणे सांगता येतील : चिंताशीलता, बहिर्मुखता, नावीन्यप्रियता, सौजन्य आणि कर्तव्यदक्षता. ही पाच मापे प्रत्येकात असतात; फरक केवळ कमी-अधिकपणाचा. सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो, उरलेला आयुष्याच्या अनुभवाने घडतो. वयाबरोबर ती मापे थोडीफार सरकतातही. तारुण्याच्या मानाने प्रौढपणी माणसे सामान्यतः अधिक शांत, मिळतीजुळती व जबाबदार होतात.

ही मापे आणि मधुमेहातील खिन्नता यांचा संबंध आता क्रमाने पाहू.

चिंताशील मनुष्य आपणा सर्वांच्या परिचयाचा असतो. भाव दोन रुपयांनी उतरला की त्याची झोप उडते आणि चढला की 'उद्या उतरेल' म्हणून पुन्हा उडते. खिन्नतेशी सर्वांत निकटचा संबंध याच स्वभावविशेषाचा आहे, असे अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. तपासणीत साखर थोडी वाढलेली निघाली तर दुसरा मनुष्य 'परवाच्या लग्नातले जेवण भोवले' असे म्हणून सोडून देतो. चिंताशील मनुष्य मात्र पाय कापावा लागण्यापर्यंत मनाने जाऊन पोहोचतो.

बहिर्मुख मनुष्य चारचौघांत रमतो. हे रमणे त्याला ढालीसारखे उपयोगी पडते. परंतु त्याचे सारे सुख माणसांत असल्यामुळे दुकान सुटले, गुडघे दुखू लागले, ऐकू कमी येऊ लागले, म्हणजे त्याचा आधारच निसटतो. जन्मभर एकांतप्रिय असलेल्या माणसाला तेच दिवस तितके जड जात नाहीत.

नावीन्यप्रिय मनुष्य नवे पथ्य, नवे यंत्र, नवी सवय चटकन स्वीकारतो. ज्याला साठ वर्षे चाललेली रीत सोडवत नाही, त्यास मधुमेहाने मागितलेला प्रत्येक बदल हा अपमान वाटतो.

सौजन्यशील मनुष्य वैद्यांचे ऐकतो, सुनेने दिलेले जेवतो. मात्र कोणाला त्रास नको म्हणून स्वतःची वेदना सांगतही नाही. ही त्याच्या सौजन्याची दुसरी बाजू घरच्यांनी ध्यानात ठेवावी.

कर्तव्यदक्षता हा तर व्यापाऱ्याचा दागिनाच. रोजमेळ रोजच्या रोज जुळविणारा मनुष्य गोळीही वेळेवर घेतो. अमेरिकेत सन १९२१ मध्ये टर्मन यांनी सुमारे पंधराशे बुद्धिमान मुलांची आयुष्यभराची नोंद ठेवण्यास आरंभ केला. सन १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या छाननीत असे आढळले की, लहानपणी जी मुले जबाबदार व दक्ष होती ती इतरांपेक्षा अधिक काळ जगली. तथापि या गुणालाही एक टोचणी आहे. सर्व पथ्ये पाळूनही साखर वाढली, आणि वयोमानाने ती वाढतेच, तर असा मनुष्य स्वतःला अपराधी समजतो. मधुमेह हा काळाबरोबर पुढे सरकणारा विकार आहे. आज एका गोळीवर भागते तेथे दहा वर्षांनी इन्सुलिन लागणे हा हिशेबातील घोटाळा नव्हे, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावयास हवे.

यांखेरीज आणखी एक मिश्र स्वभाव सांगण्याजोगा आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाचे डेनोलेट यांनी त्याला 'ड प्रकारचा स्वभाव' असे नाव दिले आणि तो ओळखण्यासाठी सन २००५ मध्ये चौदा प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. मनात सतत काळजी, चीड व उदासी असणे, आणि लोक काय म्हणतील या धास्तीने ती ओठांवर येऊ न देणे, असा तो दुहेरी स्वभाव. प्रथम हृदयरोग्यांत व नंतर मधुमेही रुग्णांत त्याचा अभ्यास झाला. अशा माणसांत खिन्नता व चिंता अधिक आढळते. आपल्या व्यापारी समाजाला हे वर्णन मुद्दाम वाचून दाखवावेसे वाटते. 'पेढीची पत जाईल' म्हणून नुकसान लपविणे ही आपली जुनी सवय. तीच सवय आपण मनाच्या नुकसानीलाही लावतो.

स्वभाव म्हणजे विधिलिखित नव्हे, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. ओलसर माल कोठारात आला तर आपण तो फेकून देत नाही. तो पसरतो, ऊन देतो, थप्प्यांमधून हवा खेळती ठेवतो. कोरड्या मालाला जी काळजी लागत नाही ती ओलसर मालाला लागते, इतकाच फरक. चिंताशील किंवा आतल्या गाठीच्या माणसाचेही तसेच आहे.

ओळखावे कसे?

उतारवयातील खिन्नता ओळखणे कठीण असते, कारण ती रडत येत नाही. 'मला दुःख झाले आहे' असे वृद्ध मनुष्य क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'अंग दुखते, भूक नाही, झोप नाही, पोट साफ नाही, काही आठवत नाही.' यांतील बहुतेक तक्रारी मधुमेहाच्याही असतात. थकवा, वजन घटणे, मोडलेली झोप यांचे खापर साखरेवर फोडून सर्वजण मोकळे होतात. सन २०१७-१८ मध्ये देशभर वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, तीत साठ वर्षांवरील सुमारे आठ टक्के माणसांत खिन्नतेची लक्षणे आढळली. परंतु ज्यांना वैद्यांनी तसे निदान सांगितले होते असे एक टक्काही नव्हते. दहा दुखणाइतांपैकी नऊ जण वहीत नोंदलेच गेलेले नाहीत, असा याचा अर्थ.

हीच अडचण ध्यानात घेऊन सन १९८२-८३ च्या सुमारास अमेरिकेत वृद्धांसाठी तीस प्रश्नांची खास यादी तयार झाली. सन १९८६ मध्ये तिची पंधरा प्रश्नांची लहान आवृत्ती निघाली. तीत झोप, भूक यांविषयी न विचारता मुख्यतः मनाविषयी विचारतात : आयुष्याविषयी समाधान वाटते काय, पूर्वीच्या आवडीनिवडी सोडल्या आहेत काय, आयुष्य रिकामे वाटते काय, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावेसे वाटते काय, अशा धर्तीचे. उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही'. पाचांहून अधिक उत्तरे खिन्नतेकडे झुकली तर सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. पाच-सात मिनिटांचे हे काम आपल्या नेहमीच्या वैद्यांकडेही होऊ शकते.

घरच्या माणसांसाठी एक साधी कसोटी सांगतो. माणसाची तुलना शेजाऱ्याशी करू नये. त्याच्याच मागील दहा वर्षांशी करावी. स्वभाव जुना असतो, आजार नवा असतो. जे गृहस्थ जन्मभर कमी बोलत आले ते आजही कमी बोलतात, यात चिंतेचे कारण नाही. परंतु ज्यांचा आवाज लिलावाच्या वेळी चार दुकानांपलीकडे ऐकू जाई, ते दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प असतील, नातवंडांत रमत नसतील, वर्तमानपत्र न उघडता बाजूस ठेवीत असतील, तर तो स्वभाव नव्हे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून नमुना काढल्यावाचून आपण माल पारखीत नाही. मग माणूस मात्र वरच्या चेहऱ्यावरून का पारखावा?

माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध कडधान्य व्यापाऱ्यांची हकीगत येथे उपयोगी पडेल. दोघा मुलांच्या हाती दुकान सोपवून ते घरी बसले. त्यानंतर वर्षभरात त्यांची साखर वाढत गेली. वैद्यांनी दोनदा औषधाची मात्रा वाढविली, तरी आकडा खाली येईना. 'आप्पा हट्टी झाले आहेत, चोरून गोड खातात' असा सर्वांचा समज झाला. अखेर धाकट्या सुनेच्या ध्यानात आले की, गोळ्यांची जितकी पाकिटे आणली तितकी संपत नाहीत. हलक्या आवाजात विचारल्यावर आप्पा एवढेच म्हणाले की, 'आता कशासाठी घ्यायच्या?' वैद्यांनी वरील पंधरा प्रश्न विचारले, तेव्हा मूळ दुखणे कोणते ते उघड झाले. यातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. न घेतलेल्या गोळ्यांवर मात्रा वाढत गेलेली असते. म्हणून सत्य कळताच घाईने सर्व गोळ्या देऊ लागू नये, साखर एकदम उतरण्याचे भय असते. प्रथम वैद्यांना खरी हकीगत सांगावी.

स्वभाव किंवा खिन्नता वाटणारी इतर कारणे

निदानापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, साखर उतरणे. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड यांबरोबर चिडचिड व गोंधळही होतो. दुपारच्या जेवणाला उशीर झाला की रोज भडकणारे आजोबा कदाचित रागीट नसतील. त्यांची साखर उतरत असेल. दुसरी, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात मिळत नाही. शाकाहाऱ्यांना ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. त्यातच मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास त्याचे प्रमाण आणखी घटते. या उणिवेने हातापायांना मुंग्या, विसराळूपणा व उदासपणा येऊ शकतो. आपल्या समाजातील मधुमेही वृद्धांना ही दोन्ही कारणे एकत्र लागू पडतात, म्हणून ही तपासणी मागून घ्यावी. तिसरी, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे. या तिन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीने कळतात आणि सुधारता येतात.

तसेच मधुमेहाचा वैताग आणि खिन्नता यांतही भेद आहे. सन १९९५ मध्ये अमेरिकेतील पोलोन्स्की प्रभृतींनी या वैतागाच्या मापनासाठी वीस प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. पथ्याचा, सुयांचा, घरच्यांच्या सतत टोकण्याचा कंटाळा येणे हा वैताग होय; आयुष्याच्या अन्य गोष्टींत मन अजून रमत असते. त्यास औषध नको, ओझे वाटून घेणारे माणूस हवे.

उपास, विरक्ती आणि खिन्नता

आपल्या घरांत उपास व चौविहार यांना मान आहे. म्हणूनच येथे दोन सूचना आवश्यक वाटतात. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत पोट रिकामे राहते. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाने औषधाच्या वेळा व मात्रा वैद्यांकडून त्याप्रमाणे बसवून घ्याव्यात. पर्युषणातील उपासांचा निश्चय करण्यापूर्वीही वैद्यांचा व गुरुजनांचा असा दोघांचा विचार घ्यावा.

दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. अन्नावरची वासना उडाली असता ती उपासाच्या नावाखाली झाकली जाते. माणसांचा कंटाळा आला असता त्यास विरक्ती म्हटले जाते. दोहोंत अंतर आहे. विरक्त माणसाचे मन शांत असते, त्याला भेटून आपल्यालाही बरे वाटते. खिन्न माणसाचे मन आतून जळत असते. तो स्वतःला निरुपयोगी आणि घराला भार समजतो. एकाला वंदन करावे. दुसऱ्याला वैद्यांकडे न्यावे.

उपाय

या दुहेरी दुखण्यावर दुहेरी उपाय चालतो, याचा पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर व विशाखापट्टणम या चार शहरांतील दवाखान्यांत ४०४ मधुमेही व खिन्न रुग्णांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष सन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांसाठी शिकवून तयार केलेला एकेक मदतनीस नेमला. तो रुग्णाशी वरचेवर बोले, औषध-पथ्याची चौकशी करी, मनाची स्थिती नोंदवी आणि ती नोंद मधुमेहतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ या दोघांपुढे ठेवी. बारा महिने ही व्यवस्था चालली. परंतु चोवीस महिन्यांनंतरही या गटात मनाची स्थिती सुधारून साखर, रक्तदाब किंवा चरबी यांपैकी निदान एक गोष्ट सुधारलेली माणसे दुसऱ्या गटाहून अधिक होती. मदतनीस वैद्य नव्हता. नियमित विचारपूस आणि बिनचूक नोंद हे त्याचे भांडवल. हे भांडवल व्यापाऱ्याच्या घरात कमी नाही.

औषधांविषयी काही गैरसमज आहेत. खिन्नतेवरील गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन जडत नाही. त्यांचा गुण दोन-चार आठवड्यांनी, वृद्धांत कधीकधी त्याहूनही उशिरा दिसू लागतो. तोवर धीर धरावा, आणि बरे वाटताच मनाने बंद करू नयेत. जुन्या वर्गातील काही औषधांनी साखर व वजन वाढू शकते, नव्यांपैकी काहींनी साखर थोडी उतरूही शकते, काहींनी वृद्धांच्या रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. म्हणून मधुमेहाच्या वैद्यांना आणि मनोविकाराच्या वैद्यांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. ज्यांना गोळ्या नकोत अशांना संभाषणाद्वारे होणारे मानसोपचारही गुणकारी असतात. रोजचे चालणे तर साखर व मन या दोघांचेही औषध आहे. वयोवृद्धांची साखर फार काटेकोर धरू नये, हेही लक्षात ठेवावे. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी धडधाकट वृद्धात सात-साडेसातच्या आसपास आणि अनेक व्याधी असलेल्या वृद्धात आठच्या आत असली तरी पुरे, असे तज्ज्ञ सांगतात. हे ऐकूनच कित्येकांच्या मनावरचे ओझे हलके होते.

घरची व्यवस्था मात्र स्वभाव पाहून लावावी. चिंताशील माणसाला प्रत्येक आकडा दाखवीत बसू नये. तपासणीचा वार ठरवावा आणि इतर दिवशी विषय काढू नये. बहिर्मुख माणसाला माणसे द्यावीत. रोज तासभर पेठेत नेऊन आणावे. जुन्या रीतीच्या माणसाला एका वेळी एकच बदल सांगावा. मिळत्याजुळत्या माणसाला 'बरे आहे ना?' असे विचारू नये, तो 'बरे आहे' असेच म्हणेल; 'काल रात्री किती वाजता जाग आली?' असे विचारावे. कर्तव्यदक्ष माणसाकडून कर्तव्य काढून घेऊ नये. 'आता आराम करा' हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. परंतु ज्याने पन्नास वर्षे मालाचा वास घेऊन वाण ओळखले, त्यास ते निवृत्तीचे नव्हे, निरुपयोगीपणाचे प्रमाणपत्र वाटते. तिजोरीच्या किल्ल्या मुलांकडे जाव्यात, तेच योग्य. पण आलेल्या मालाचा नमुना पाहणे, जुन्या गिऱ्हाइकाशी बोलणे, महिनाअखेरीस खतावणीवर नजर फिरविणे एवढे काम वडिलांकडे राहू द्यावे. त्यात दुकानाचाही तोटा नाही.

कोणी वृद्ध 'आता जगून काय करायचे' असे बोलू लागले, अथवा न बोलता इन्सुलिन व गोळ्या सोडू लागले, तर ते म्हातारपणाचे बोलणे म्हणून कानाआड करू नये. त्याच दिवशी वैद्यांना भेटावे, त्यांना एकटे सोडू नये, औषधांचा साठा आपल्या हाती घ्यावा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' नावाची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आपल्या भाषेत बोलता येते. आपल्या भागातील मंडळींसाठी धारवाड येथे मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाही आहे. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत जितक्या लवकर जाईल तितके बरे.

दर दिवाळीला आपण वहीपूजन करतो आणि नवी खाती उघडण्यापूर्वी जुनी येणी-देणी तपासतो. येत्या दिवाळीला घरातील वडीलधाऱ्यांजवळ अर्धा तास निवांत बसून त्यांच्या मनाचाही एकदा हिशेब विचारावा, एवढीच सर्व सभासद कुटुंबांना नम्र विनंती. स्वभाव ज्याचा त्याला लखलाभ असो. आजार मात्र कोणी मुकाट्याने सोसू नये.